टॅरंटुलाच्या पेटीत ओलावा किती हवा? ‘८० टक्के’ हा आकडा कसा फसवतो आणि खरं गणित काय आहे

इन्स्टाग्रामवर ‘एक्झॉटिक पेट्स’चे रील्स बघणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. काचेची छोटी पेटी, आत तळहाताएवढा केसाळ कोळी आणि वरून स्प्रे बाटलीचा फवारा. काचेवरून थेंब ओघळतायत, भिंतीला लावलेल्या मीटरचा काटा ८० वर सरकतोय. खाली कमेंट्समध्ये कुणीतरी लगेच विचारतं, “भाऊ, ह्युमिडिटी किती ठेवायची?” आणि उत्तर येतं, “८० टक्के. रोज दोनदा फवारा मारायचा.”

आता त्याच रीलमधला कोळी नीट बघा. बऱ्याचदा तो मातीवर बसलेला नसतो. काचेला पाय चिकटवून तो वरच्या कोपऱ्यात गेलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं की काय मस्त पोज दिलीय. खरं तर तो खालच्या ओल्या जमिनीपासून लांब पळालेला असतो.

टॅरंटुला हा फार कमी मागणी असलेला प्राणी आहे. त्याला फिरायला न्यावं लागत नाही, रोज खायला लागत नाही. मेक्सिकन रेड नी सारख्या जातीची मादी नीट सांभाळली तर २० वर्षांहून जास्त जगते. तरीही कित्येक टॅरंटुला नवशिक्या मालकाकडे काही महिन्यांतच दगावतात. यामागे जी कारणं पुन्हा पुन्हा दिसतात, त्यात पाण्याचं चुकलेलं गणित फार वरचं आहे. कुणी कोळ्याला कोरडं ठेवून मारतं, तर कुणी काळजीपोटी ओल्या, कोंदट पेटीत गुदमरवून.

मग बरोबर काय? त्यासाठी आधी या प्राण्याला पाणी कशाला लागतं ते बघायला हवं.

पाण्यावर चालणारे पाय

जेसीबीचा हात कसा उचलला जातो, हे सगळ्यांनी पाहिलंय. आत तेलाचा दाब वाढतो आणि तो अवजड हात सरळ होतो. टॅरंटुलाचा पायही बऱ्यापैकी याच तत्त्वावर चालतो.

माणसाच्या कोपराला वाकवणारे स्नायू असतात, तसे सरळ करणारेही असतात. कोळ्याच्या पायातल्या दोन महत्त्वाच्या सांध्यांमध्ये वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. ते सांधे सरळ करायला तो शरीरातला द्रव, म्हणजे त्याचं निळसर रक्त, दाबाने पायात ढकलतो. दाब वाढला की पाय पसरतो.

घराच्या कोपऱ्यात मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी घेऊन का पडलेला असतो, याचं उत्तर इथे मिळतं. दाब संपला की सरळ करणारं काही उरत नाही आणि पाय आत वळतात. जिवंत टॅरंटुलाच्या शरीरातलं पाणी खूप कमी झालं तरी नेमकं हेच होतं. पाळणाऱ्यांच्या भाषेत याला ‘डेथ कर्ल’ म्हणतात.

पाण्याचं दुसरं काम कात टाकण्याच्या वेळी. टॅरंटुलाचं बाहेरचं कवच वाढत नाही, म्हणून त्याला ते अधूनमधून उतरवावं लागतं. त्या वेळी जुन्या आणि नव्या कवचाच्या मध्ये द्रवाचा थर तयार होतो आणि शरीरातल्या दाबाच्या जोरावर जुनं कवच फुटतं. आठही पाय जुन्या पायमोज्यातून बाहेर ओढावे लागतात. शरीरात पाणी कमी असेल तर एखादा पाय आत अडकतो, कधीकधी अख्खा कोळीच अडकतो आणि त्यातच मरतो.

तिसरी गोष्ट श्वासाची. टॅरंटुलाच्या पोटाच्या खालच्या बाजूला फुफ्फुसांच्या दोन जोड्या असतात. आत पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, म्हणून त्यांना ‘बुक लंग’ म्हणतात. हे पापुद्रे ओलसर असतात, त्यामुळे श्वासावाटे थोडं पाणी सतत उडून जातं. बाकी शरीरावर मेणासारखा थर असतो, तो पाणी धरून ठेवतो.

गेलेलं पाणी भरून कसं निघतं? पिऊन आणि खाऊन. टॅरंटुला पाण्याला तोंड लावून पितो आणि झुरळ, नाकतोडा किंवा रातकिडा खाल्ला की त्यातला रसही शोषतो. हवा दमट असली तर शरीरातून पाणी जायचा वेग कमी होतो, पण हवेतल्या वाफेने तहान भागत नाही. त्यामुळे मीटरवर ८० टक्के आणि पाण्याची वाटी रिकामी, ही पेटी कोळ्याच्या दृष्टीने अर्धवटच आहे.

टक्केवारीचा घोळ

‘८० टक्के आर्द्रता’ म्हणजे हवेत ८० टक्के पाणी, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ही टक्केवारी सापेक्ष असते. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे, एवढंच ती सांगते.

आणि हवा किती वाफ धरू शकते, हे तापमानाबरोबर बदलतं. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम वाफ धरते. ३० अंशांना तीच हवा ३० ग्रॅमच्या आसपास धरते. म्हणजे २० अंशांना १०० टक्के दमट असलेली हवा नुसती तापवून ३० अंशांवर नेली, तर एक थेंबही न घालवता मीटर ५७ टक्के दाखवेल.

याचा अर्थ असा की पेटीखाली हीटर लावला की आकडा पडतो. मालक घाबरून फवारा मारतो. आकडा चढतो, झाकण उघडलं की पुन्हा पडतो. पुन्हा फवारा. या खेळात माती मात्र दिवसेंदिवस चिखल होत जाते.

शिवाय बाजारात मिळणारे स्वस्त काट्याचे मीटर फारसे भरवशाचे नसतात. हे घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे काही थेंब टाकून ते ओलं, दाटसर करा. पूर्ण विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत ठेवून रात्रभर सोडा. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. मीटर ६० किंवा ९० दाखवत असेल, तर इतके दिवस कोणत्या आकड्यामागे धावत होतो हे लक्षात येईल.

हवामान खात्याचा आकडा आणि बिळातली हवा

अनेक माहितीपत्रकांमध्ये दिलेले आकडे त्या जातीच्या मूळ प्रदेशातल्या हवामानावर बेतलेले असतात. पण टॅरंटुला हवामान केंद्राच्या शेजारी मोकळ्यावर राहत नाही. तो बिळात, दगडाखाली किंवा झाडाच्या ढोलीत राहतो. तिथली हवा वेगळी असते.

याचं चांगलं उदाहरण महाराष्ट्रापासून फार लांब नाही. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती या रेल्वेच्या गावात लाकडाच्या वखारीत निळ्याशार रंगाचा एक टॅरंटुला सापडला होता. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं पोसिलोथेरिया मेटॅलिका. त्यानंतर शंभर वर्षं तो शास्त्रज्ञांना दिसलाच नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

नंद्यालच्या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. जंगल पानगळीचं. मग हा कोळी तिथे टिकतो कसा? जुन्या झाडांच्या खोल ढोलीत. बाहेर ऊन रणरणत असताना ढोलीत सावली असते, कुजलेल्या लाकडाचा भुसा असतो, थोडी ओल धरलेली असते. कोळी तिथे दिवस काढतो आणि रात्री बाहेर येतो.

जमिनीतल्या बिळाचंही तसंच. वरची माती तापून भेगाळली तरी हात-दोन हात खाली ओल टिकून असते. विहीर खणणाऱ्याला किंवा शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कोळी त्याला हवी तेवढी ओल शोधत वर-खाली सरकतो.

पेटीत जी गोष्ट द्यायची आहे ती हीच: निवड. एक जागा ओलसर, एक कोरडी आणि जायचं कुठे ते कोळ्याने ठरवायचं.

तीन कोळी, तीन सवयी

जगात टॅरंटुलाच्या एक हजाराहून जास्त जाती आहेत. सगळ्यांना एकच नियम लावणं म्हणजे ज्वारीला आणि भाताला सारखंच पाणी देण्यासारखं आहे. पाळल्या जाणाऱ्या तीन जाती पाहिल्या तरी फरक कळतो.

चिलियन रोज हा चिली देशातल्या कोरड्या, झुडुपी भागातला कोळी. नवशिक्यांना बहुतेक वेळा हाच सुचवला जातो. त्याला ओली माती अजिबात आवडत नाही. मातीवर पाणी सांडलं तर तो पाय उंच करून, टाचांवर चालल्यासारखा चालतो किंवा भिंतीवर चढतो. त्याच्या पेटीत माती कोरडी आणि एका कोपऱ्यात पाण्याची वाटी एवढं पुरतं. या कोळ्याच्या पेटीत रोज फवारा मारणं हा त्याचा छळ आहे.

गोलियाथ बर्डईटर हा दुसऱ्या टोकाचा. व्हेनेझुएला, गयाना, सुरीनाम आणि उत्तर ब्राझीलच्या वर्षावनात, पाणथळ भागांजवळ तो बीळ करून राहतो. पाय पसरल्यावर २८ सेंटिमीटरपर्यंत भरणारा हा जगातल्या सर्वांत मोठ्या कोळ्यांपैकी एक. त्याची माती सुकली तर कात टाकताना हमखास गडबड होते. त्याला १५ ते २० सेंटिमीटर खोल माती आणि तिच्या खालच्या थरात कायम ओल लागते.

पिंकटो हा दक्षिण अमेरिकेतला झाडावर राहणारा कोळी, पायांची टोकं गुलाबी. तो वर्षावनातला म्हणून अनेकांनी त्याला बंद, दमट पेटीत ठेवलं आणि कोळी अचानक मरू लागले. पाळणाऱ्यांच्या जगात या मृत्यूंना वेगळं नावच पडलं. नंतर लक्षात आलं की झाडावर राहणाऱ्या या कोळ्याच्या जाळ्यातून वारा सतत खेळत असतो. पाऊस पडतो आणि वाळतो. डब्यातली साचलेली, न हलणारी दमट हवा त्याच्या वाट्याला निसर्गात येतच नाही. आज अनुभवी लोक त्याच्यासाठी आधी हवेची छिद्रं बघतात, मग पाणी.

थोडक्यात, दुकानदाराला “ह्युमिडिटी किती?” असं विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही जात कोणती? ती जमिनीवर राहते, बिळात की झाडावर? तिच्या मूळ प्रदेशात कोरडा हंगाम असतो का?

‘वाफसा’ कळला की निम्मं काम झालं

पेरणीआधी शेतकरी वाफशाची वाट बघतो. पाऊस पडून गेलाय, जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये हवा खेळतेय. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण हाताला पाणी लागत नाही आणि बोटाने टोचलं की गोळा फुटतो. ओल लागणाऱ्या टॅरंटुलाच्या पेटीतल्या खालच्या थरात नेमकी हीच अवस्था हवी.

पेटी भरताना आपल्याकडे सहज मिळतं ते कोकोपीट. नर्सरीत त्याची दाबलेली वीट मिळते. ती पाण्यात टाकली की फुलते आणि पहिली चूक इथेच होते. फुललेलं ओलं कोकोपीट तसंच पेटीत भरलं जातं. त्यात पाणी प्रचंड असतं. आधी ते हाताने घट्ट पिळून, पसरून उन्हात वाळवायला हवं. कोरड्या भागातल्या जातींसाठी पूर्ण वाळवा. ओल लागणाऱ्या जातींसाठी वाफशाच्या अवस्थेला आलं की भरा. त्यात खत आणि कीटकनाशक नसलेली माती मिसळली तर बीळ ढासळत नाही आणि ओलही जास्त दिवस टिकते.

पाणी वरून फवारण्याऐवजी एका कोपऱ्यातून हळूहळू ओतावं. एक जाड स्ट्रॉ किंवा पाइपचा तुकडा मातीत तळापर्यंत उभा खोचला आणि त्यातून पाणी सोडलं की ते थेट खाली जातं. वरचा थर कोरडा राहतो, खालचा ओला होतो. काचेतून बघितलं तर खाली गडद आणि वर फिकट असे दोन पट्टे स्पष्ट दिसतात. कोणत्याही स्वस्त मीटरपेक्षा हे पट्टे जास्त खरं सांगतात. गडद पट्टा पातळ झाला की पुन्हा थोडं पाणी. त्यासाठी ठरावीक वार नसतो. उन्हाळ्यात चार दिवसांनी लागेल, पावसाळ्यात महिनाभर लागणार नाही.

कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी पटकन शोषत नाही, वरून वाहून जातं. म्हणून घाईने मगभर पाणी ओतू नये. थोडं ओतायचं, मुरू द्यायचं, मग पुन्हा थोडं.

यानंतर पाण्याची वाटी. मोठ्या टॅरंटुलाच्या प्रत्येक पेटीत ती हवी, मग जात वाळवंटातली असो की वर्षावनातली. वाटी उथळ आणि जड असावी, म्हणजे उलटणार नाही. कोळी तिच्यात बुडेल ही भीती नको. अंगावरच्या केसांमध्ये हवा अडकते आणि तो सहज बाहेर येतो. वाटीत स्पंज ठेवायची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. स्पंजमध्ये घाण आणि जिवाणू साठतात आणि कोळ्याला त्यातून पाणी पिणंही अवघड जातं. कोळी वाटीत माती भरून ठेवतो, कधी त्यातच घाण करतो. अशा वेळी न कंटाळता धुऊन पुन्हा भरायची.

तिसरी गोष्ट हवा. पेटीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना छिद्रं असली की हवा आरपार जाते. झाकणाला बारीक जाळी लावणं टाळलेलं बरं, कारण टॅरंटुलाच्या पायाची नखं जाळीत अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटू शकतो.

ओल जास्त झाली तर?

कोरडेपणा डोळ्यांना लवकर दिसतो. जास्तीची ओल मात्र हळूहळू घात करते.

पहिली येते बुरशी. खाऊन टाकलेल्या किड्याचा चोथा किंवा मेलेला किडा ओल्या मातीत एक-दोन दिवस राहिला की त्यावर पांढरी लव उगवते. म्हणून उरलेलं खाणं दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून टाकावं. थोडी बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून पेटीला हवा द्यावी, पुरतं. ओल लागणाऱ्या पेटीत बरेच जण स्प्रिंगटेल नावाचे अगदी बारीक कीटक सोडतात. ते बुरशी खातात आणि कोळ्याला काही करत नाहीत.

दुसरे माइट्स. पांढऱ्या ठिपक्यांसारखे हे जीव ओल आणि कुजकं खाणं मिळालं की झपाट्याने वाढतात. ते वाढले, याचाच अर्थ पेटी गरजेपेक्षा ओली आहे आणि साफसफाई कमी पडतेय. माती बदलणं आणि पेटी कोरडी करणं, हाच त्यावर साधा उपाय.

तिसरा धोका सर्वांत वाईट. काही सूक्ष्म गोलकृमी टॅरंटुलाच्या तोंडाच्या भागात वाढतात. कोळी खाणं सोडतो, तोंडाशी पांढरा चिकट स्राव दिसतो. यावर खात्रीचा इलाज नाही. असा संशय आला तर ती पेटी, चिमटा, वाटी सगळं इतर कोळ्यांपासून लगेच वेगळं करावं.

आणि चौथा धोका थेट ओलीचा वाटत नाही, पण तिच्यामुळेच येतो. जमिनीवर राहणाऱ्या टॅरंटुलाचं पोट जड आणि नाजूक असतं. ओल्या मातीला कंटाळून तो काचेवर चढतो आणि घसरून पडतो. काही सेंटिमीटर उंचीवरून पडूनही त्याचं पोट फुटू शकतं. म्हणून अशा जातीच्या पेटीत मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नये.

पिल्लांचा हिशोब वेगळा

टॅरंटुलाचं पिल्लू नखाएवढं, कधी त्याहून लहान असतं. शरीर जितकं लहान, तितकं त्याच्या वजनाच्या मानाने बाहेरचं पृष्ठ जास्त. त्यात त्याच्या अंगावरचा मेणाचा थरही पातळ. त्यामुळे मोठा कोळी महिनाभर सहन करेल तो कोरडेपणा पिल्लाला काही दिवसांत संपवू शकतो.

म्हणूनच कोरड्या भागातल्या जातींची पिल्लंही थोड्या ओलसर मातीत वाढवली जातात. छोट्या छिद्रांच्या डबीत अर्ध्या भागाची माती ओलसर आणि अर्ध्या भागाची कोरडी ठेवायची. पाण्यासाठी बाटलीचं झाकण किंवा डबीच्या भिंतीवर चार थेंब पुरतात. फवारा मारायचाच असेल तर भिंतीवर मारावा, पिल्लावर नको. पिल्लू मोठं होत जाईल तसं जातीनुसार माती कोरडी करत न्यायची.

उलटा पडलाय? थांबा, फेकू नका

नवीन मालकाकडून होणारी सर्वांत वाईट चूक कात टाकण्याच्या वेळी होते. टॅरंटुला बहुतेक वेळा पाठीवर उलटा पडून कात टाकतो. आठ पाय वर, हालचाल नाही. घरच्यांना वाटतं मेला. कुणी त्याला सरळ करतं, कुणी पाण्याचा फवारा मारतं, कुणी फेकूनही देतं.

लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. पाठीवर पडलेला कोळी बहुतेक वेळा कात टाकत असतो. मरणारा किंवा पाणी कमी पडलेला कोळी सहसा सरळ बसलेला असतो आणि पाय पोटाखाली मुडपलेले असतात.

कात टाकायच्या आधी कोळी खाणं सोडतो, सुस्त होतो. काही जातींत पोटावरचा टकलासारखा भाग काळसर दिसू लागतो. अशी चिन्हं दिसली की वाटी भरून ठेवायची, ओल लागणारी जात असेल तर खालचा थर ओलसर आहे ना ते बघायचं, जिवंत किडा आत असेल तर काढून घ्यायचा आणि पेटीला हात लावायचा नाही. या वेळी कोळ्याचं अंग इतकं मऊ असतं की एखादा रातकिडाही त्याला कुरतडून मारू शकतो. कात टाकून झाल्यावरही निदान आठवडाभर खायला देऊ नये. दात कडक व्हायला वेळ लागतो. पाणी मात्र आधीही हवं आणि नंतरही.

पाणी कमी पडलं हे कसं ओळखायचं?

पोट आक्रसलेलं, सुरकुतलेलं दिसतं. चाल डळमळीत होते. पाय हळूहळू आत वळू लागतात. अशा वेळी उथळ ताटलीत थोडं पाणी घेऊन कोळ्याला हळूच अशा बेताने ठेवावं की तोंडाचा भाग पाण्याला टेकेल आणि पोट बाहेर राहील. फुफ्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला आहेत, ती पाण्यात बुडता कामा नयेत. नुसतंच पाणी कमी पडलं असेल, तर कोळी पिऊ लागतो आणि काही तासांत पाय पसरतो.

काही जण अशा कोळ्याला ओल्या टिश्यू पेपरच्या बंद डब्यात ठेवतात. त्याने फार साधत नाही, कारण त्याला पाणी प्यायला हवंय, वाफ नकोय.

हे सगळं करताना हाताळणी जपून करावी. अमेरिकेतल्या बऱ्याच जाती पोटावरचे बारीक केस उडवतात. ते त्वचेला खाज आणतात आणि डोळ्यात गेले तर गंभीर त्रास होतो. माती बदलताना हातमोजे घाला, त्याच हाताने डोळे चोळू नका. पोसिलोथेरियासारख्या आशियाई जातींना असे केस नाहीत, पण त्या चपळ असतात आणि त्यांच्या चाव्याने दिवसचे दिवस स्नायूंत पेटके येऊ शकतात.

मुंबईची पेटी वेगळी, नागपूरची वेगळी

परदेशी व्हिडिओमधला सल्ला जशाच्या तसा उचलण्यात आणखी एक अडचण आहे. तो बहुधा हीटर लावलेल्या, कोरड्या घरातल्या हिवाळ्यासाठी दिलेला असतो. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत बाहेरचीच हवा ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे पावसाळ्यात फवारा मारायची गरजच नसते. उलट हवेची छिद्रं वाढवावी लागतात, पेटी खिडकीतून येणाऱ्या झडीपासून दूर ठेवावी लागते आणि बुरशीवर लक्ष ठेवावं लागतं. वाटी मात्र तेव्हाही भरलेली हवीच.

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे चित्र उलटं. दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाटी दोन दिवसांत आटते. खोलीत एसी चालू असेल तर हवा आणखी कोरडी होते. तिथे वाटी थोडी मोठी ठेवावी, खालची ओल वरचेवर तपासावी आणि पेटी एसीच्या झोतात किंवा उन्हात ठेवू नये. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत टॅरंटुलासाठी वेगळा हीटर लावायची वेळ क्वचितच येते. लावला तर माती तळापासून सुकते आणि नेमकी तीच ओल जाते, जिच्यासाठी कोळी खाली बीळ करतो.

आणण्याआधी एक कायद्याची गोष्ट

ब्रॅकिपेल्मा, म्हणजे मेक्सिकन रेड नीचा गट, आणि पोसिलोथेरिया या दोन्हींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट २ खाली नियंत्रित आहे. पोसिलोथेरिया गट त्यात २०१९ मध्ये आला. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंद करणं त्यानुसार बंधनकारक आहे. २०२४ मध्ये त्याचे नियम आले आणि ही नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर होते.

कागद नसलेला कोळी ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून घेऊ नये. आणि पश्चिम घाटात फिरताना झाडाच्या ढोलीत एखादा टॅरंटुला दिसला, तर फोटो काढून पुढे जावं. त्या ढोलीइतकी चांगली पेटी कुणालाच बनवता येत नाही.

तर मग, ह्युमिडिटी किती ठेवायची?

पुन्हा कुणी कमेंटमध्ये हा प्रश्न विचारला, तर टक्केवारी सांगण्याची गरज नाही. जात ओळखा. वाटी भरलेली ठेवा. हवा खेळती ठेवा. जातीला ओल लागत असेल तर खालच्या थरात वाफसा ठेवा आणि वरचा थर कोरडा राहू द्या. मग मीटरकडे बघण्यापेक्षा कोळ्याकडे बघा. तो काचेला चिकटून बसला असेल तर बऱ्याचदा खाली ओल जास्त असते. सतत वाटीवर बसून राहत असेल तर कोरडं पडलंय. आणि पोट टुमटुमीत, पाय पसरलेले, दिवसभर बिळाच्या तोंडाशी निवांत बसलेला असेल, तर त्याचं बरं चाललंय. रीलसाठी हे दृश्य जरा कंटाळवाणं आहे खरं. पण वीस वर्षं जगणारा टॅरंटुला बराचसा असाच दिसतो.